बाबांसाठी उत्तर ध्रुवाकडचा युद्धपट सुचवा

केतकी_नाशिक

नमस्कार मंडळी,

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. वय ७४. अजून महिनाभर तरी घराबाहेर पडणं नाही. सकाळी फिजिओवाले येऊन व्यायाम करून घेतात, दुपारी झोप होते, आणि संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ त्यांना खायला उठतो. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं काम राहिलं आहे, त्यामुळे वाचन बंद. ज्या माणसाने आयुष्यभर वाचनालयाचं कार्ड खिशात ठेवलं, त्याला हे फार जड जातंय.

काल स्वतःच म्हणाले, "बर्फातला, फौजेचा, साहसाचा एखादा पिक्चर लाव. पण डोंगरातला बर्फ नको, वरचा, ध्रुवाकडचा. मॅक्लीन लिहायचा तसला." तरुणपणी त्यांनी ॲलिस्टर मॅक्लीनच्या कादंबऱ्या आधी मराठी अनुवादात आणि मग डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजीत वाचल्या. 'गन्स ऑफ नॅव्हरोन' आणि 'व्हेअर ईगल्स डेअर' हे दोन्ही पिक्चर इतक्यांदा बघून झालेत की पुढचा संवाद ते आधीच म्हणतात. म्हणून ते दोन सोडून सांगा.

आमच्या अटी:
रक्ताचे पाट नकोत, आई शेजारी बसलेली असते.
सबटायटल बाबांना भरभर वाचता येत नाहीत. इंग्रजी चांगलं समजतं.
ते टूलरूममध्ये ३६ वर्षं होते. यंत्र, नकाशे, डावपेच असलं काही असेल तर रमून जातात.

टीव्ही मोठा आहे, इंटरनेट बरं आहे. कुठून मिळवायचं ते मी बघेन, तुम्ही फक्त नावं आणि का बघावा ते सांगा.

सह्याद्रीवेडा

'द हिरोज ऑफ टेलिमार्क', १९६५चा. कर्क डग्लस आणि रिचर्ड हॅरिस. नॉर्वेतला जड पाण्याचा (अणुबॉम्बच्या संशोधनासाठी लागणाऱ्या) कारखाना उडवायची मोहीम, स्कीवरचा पाठलाग, सगळीकडे बर्फच बर्फ. इंग्रजीत आहे. काकांना नक्की आवडेल.

दर्यासारंग_७०

केतकीताई, बाबांनी मॅक्लीनचं नाव घेतलं आहे तर उत्तर एकच: 'आइस स्टेशन झेब्रा', १९६८. कादंबरी १९६३ची. दिग्दर्शक जॉन स्टर्जेस, म्हणजे 'द मॅग्निफिसंट सेव्हन' आणि 'द ग्रेट एस्केप'वालाच. रॉक हडसन, पॅट्रिक मॅगूहन, अर्नेस्ट बोर्गनाइन, जिम ब्राउन. पूर्ण इंग्रजी आणि रक्तपात अगदी बेताचा.

गोष्ट थोडक्यात सांगतो, गुपित फोडत नाही. ध्रुवाजवळच्या तरंगत्या बर्फावर ब्रिटिशांचं एक हवामान केंद्र आहे. तिथून तुटक संदेश येतात, मदत मागणारे. स्कॉटलंडच्या होली लॉक तळावरून अमेरिकेची अणुपाणबुडी 'टायगरफिश' निघते. वरवर काम सुटकेचं. पण कप्तानाला बरोबर एक इंग्रज पाहुणा घ्यायला लावतात, आणि हा पाहुणा का आला आहे ते खुद्द कप्तानालाही पुरतं सांगत नाहीत. वाटेत आणखी दोघे चढतात. बर्फाखाली गेल्यावर कळतं की चौघापाचांपैकी कोणीतरी आतलाच फितूर आहे.

मी ३१ वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. पाणबुडीवर कधी नव्हतो, पण पाण्याखालच्या पत्र्याच्या भिंतीमागे काम करणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. म्हणून टॉर्पेडो रूमचा प्रसंग मुद्दाम सांगतो. टॉर्पेडोच्या नळीला दोन दारं असतात: एक आत, एक समुद्राकडे. दोन्ही एका वेळी कधीच उघडी असता कामा नयेत, सगळी यंत्रणा त्याच एका नियमावर बांधलेली असते. पाणबुडी बर्फाखाली आहे, बर्फ फोडायला टॉर्पेडो भरायचा आहे. सगळ्या खुणा सांगतात की बाहेरचं दार बंद आहे. माणूस आतल्या दाराचा खटका सोडतो, आणि समुद्र आत येतो. पुढची सात-आठ मिनिटं नाक खाली करून पाणबुडी बुडत जाते, खोलीचा काटा फिरत राहतो, पत्रा कण्हतो, आणि कप्तान आवाज न चढवता एकेक हुकूम देतो. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला ते दार, तो खटका आणि ती एकच चूक किती भयंकर आहे हे दुसऱ्या कोणापेक्षा जास्त कळेल.

पिक्चर सुमारे अडीच तासांचा आहे, मध्यंतरासकट. दोन संध्याकाळी करून दाखवा. पाणबुडी बर्फ फोडून वर येते तिथपर्यंत पहिला दिवस.

आणि एक. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. 'नॉटिलस' ३ ऑगस्ट १९५८ला बर्फाखालून ध्रुवावर पोचली. 'स्केट' १७ मार्च १९५९ला थेट ध्रुवावर बर्फ फोडून वर आली. सोविएत भूमीचे फोटो काढणारे अमेरिकी उपग्रह त्याच काळात सुरू झाले, आणि त्यांची फिल्म कुपीत घालून पृथ्वीवर टाकावी लागायची. १९५९च्या एप्रिलमध्ये 'डिस्कव्हरर-२'ची कुपी चुकून नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्पिट्सबर्गेन बेटाच्या बाजूला उतरली असं मानलं गेलं, आणि ती कधी सापडलीच नाही. तिच्यात कॅमेरा नव्हता, चाचणीची कुपी होती ती. पण रशियनांच्या हाती लागली असेल या शंकेने वॉशिंग्टनची झोप उडाली. हा सगळा कार्यक्रम १९९५पर्यंत गुप्त होता. पिक्चर बघून झाल्यावर बाबांना हे सांगा. आधी सांगू नका.

मीरा_डोंबिवली

सह्याद्रीवेडा, टेलिमार्क चांगलाच आहे पण तो दक्षिण नॉर्वेत येतो, आर्क्टिक वर्तुळापासून पुष्कळ खाली. काकांनी "डोंगरातला नको, ध्रुवाकडचा" असं स्पष्ट म्हटलंय. नंतरच्या यादीत ठेवायला हरकत नाही.

'झेब्रा'ला माझंही अनुमोदन. माझ्या आईने कादंबरी वाचली होती आणि पिक्चरचा शेवट वेगळा आहे म्हणून ती नाराज झाली होती. पुस्तकात खून कोणी केला, आग कोणी लावली याचा शोध आहे. पिक्चरमध्ये शेवटी बर्फावर अमेरिकन आणि रशियन सैनिक समोरासमोर उभे राहतात. काकांनी पुस्तक वाचलं असेल तर हा फरक आधीच सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होणार नाही.

माजी_फौजी_सातारा

दर्यासारंगसाहेबांचा अनुभव मोठा आहे, पाणबुडीच्या भागाबद्दल ते म्हणतात ते शंभर टक्के खरं. पण बर्फाच्या भागाबद्दल मला बोललं पाहिजे, कारण मी ग्लेशिअरवर दोनदा राहून आलो आहे.

'झेब्रा'तला बर्फ स्टुडिओतला आहे. माणसं वादळात उभी राहून बोलतात आणि तोंडातून वाफ निघत नाही. टोप्या मागे, गळे उघडे. मला तो भाग बघवला नाही. थंडीत माणूस आधी हळू होतो. बोलणं कमी होतं, ओठ नीट हलत नाहीत. बुटाची नाडी बांधायला पाच मिनिटं लागतात. उघड्या हाताने लोखंडाला हात लावला तर कातडी तिथेच राहते. आणि सगळ्यात मोठा शत्रू घाम. भरभर चाललात, घाम आला, थांबलात की तोच घाम अंगावर गोठतो. आमचे सुभेदारसाहेब सांगायचे, "घाई करशील तर परत जाशील, पण स्ट्रेचरवर." ज्या पिक्चरला हे माहीत नाही, त्यातली गोळीबाराची दृश्यं कितीही चांगली असोत, मला पटत नाहीत.

ज्या पिक्चरला हे माहीत आहे तो सांगतो: 'द ट्वेल्थ मॅन', नॉर्वेचा, २०१७. दिग्दर्शक हाराल्ड झ्वार्ट. खरी घटना आहे. मार्च १९४३मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरून 'ब्राटहोल्म' नावाची मासेमारी बोट निघाली, त्यात १२ माणसं आणि कित्येक टन स्फोटकं. उत्तर नॉर्वेतल्या जर्मन ठाण्यांवर घातपात करायचा होता. किनाऱ्यावर ज्याला भेटायचं तो दुकानदार आधीच वारला होता, आणि दुकान चालवणारा नवा माणूस नेमका त्याच नावाचा! तो घाबरला, बातमी जर्मनांपर्यंत गेली. बाराजणांतून यान बॉल्सरूड एकटा सुटला. गोठत्या पाण्यात पोहून, एका पायात बूट नाही, अंगठ्याला गोळी लागलेली.

पुढचे दोन महिने तो माणूस जिवंत कसा राहिला, तेवढीच गोष्ट. हिमस्खलनात सापडला, बर्फाच्या चकाकीने डोळे गेले, पाय काळे पडायला लागले. आणि ते विष वर चढू नये म्हणून त्याने स्वतःच्या पायाची बोटं स्वतः कापली. केतकी, हे दृश्य पिक्चरमध्ये आहे, आईंना आधी सांग. पण ते रक्त दाखवायचं म्हणून घातलेलं नाही. मी ज्या पोरांचे पाय बघितले आहेत, त्यांच्यासाठी मला ते दृश्य प्रामाणिक वाटलं.

मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. तो एकटा वाचलाच नसता. खेड्यातल्या मच्छीमारांनी, शेतकऱ्यांनी, सुईणीने, शेवटी उत्तरेकडच्या रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांनी त्याला रेनडिअरच्या घसरगाडीवरून स्वीडनच्या हद्दीत पोचवलं. प्रत्येकाला माहीत होतं की पकडलो गेलो तर घर जळणार, माणसं मरणार. तरी एकानेही तोंड उघडलं नाही. फौजेत असताना डोंगरावरच्या लोकांनी मला चहा दिला आहे, वाट दाखवली आहे, म्हणून ते बघताना माझे डोळे भरून आले.

केतकी_नाशिक

दर्यासारंगकाका, फौजीकाका, मनापासून आभार. बाबांना दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. टॉर्पेडोच्या दोन दारांचं ऐकल्यावर त्यांनी उशी सरळ करायला सांगितली. म्हणजे शनिवारी 'झेब्रा' नक्की.

फौजीकाका, 'ट्वेल्थ मॅन' मला स्वतःला बघायचा आहे. पण तो नॉर्वेजियनमध्ये असणार ना? सबटायटलचं काय करायचं? आणि आईला बोटांचं सांगितलं. ती म्हणाली, "त्या वेळी मी स्वयंपाकघरात जाईन, तू हाक मार."

अनघा_ऑस्लो

केतकी, मी गेली १४ वर्षं नॉर्वेत आहे म्हणून हा धागा बघून राहवलं नाही.

हो, 'ट्वेल्थ मॅन' नॉर्वेजियन आणि जर्मनमध्ये आहे. माझे सासरे पुण्याहून आले होते तेव्हा त्यांची हीच अडचण होती. मी शेजारी बसून वाक्यं वाचत गेले, शब्दशः नाही, कामापुरती. "हा म्हणतोय, पहाटे येतो." "ती म्हणते, घरात पोरं आहेत, इथे नको." पिक्चरमध्ये संवाद कमी आहेत. निम्मा वेळ माणूस एकटा आहे आणि वारा. सासऱ्यांचं काही अडलं नाही, उलट मध्येमध्ये तेच मला "आता बोलू नकोस" म्हणायचे.

फौजीकाकांनी लिहिलं ते इथे आजही जाणवतं. बॉल्सरूड १९८८मध्ये गेले, आणि त्यांची रक्षा मांडालेनला पुरली आहे, ज्यांनी त्यांना लपवलं त्या लोकांच्याच गावात. त्यांनी पार केलेल्या वाटेवरून उन्हाळ्यात लोक पदयात्रा काढतात. मी त्यातला एकच टप्पा चालले आहे, तोही जुलैत, चांगले बूट, पोटभर जेवण आणि चोवीस तास उजेड असताना. एका जागी आमच्या बरोबरच्या आजोबांनी एका मोठ्या दगडाकडे बोट दाखवलं आणि काही न बोलता टोपी काढली. मला अजून तो क्षण आठवतो.

याच घटनेवर १९५७मध्येही इथे चित्रपट झाला होता, 'नी लिव', म्हणजे नऊ जन्म. कृष्णधवल, आर्ने स्कोएनचा, ऑस्करच्या परभाषी विभागात नामांकन मिळालेला. जुन्या पिढीला तोच जास्त जवळचा. मला दोन्ही आवडतात, पण काकांना पहिल्यांदा दाखवायचा तर नवा.

आणि बाबांना नकाशे आवडतात म्हणून 'नार्विक' सांगते, २०२२चा, नेटफ्लिक्सवर आहे. नार्विक आर्क्टिक वर्तुळाच्या वर असूनही बंदर गोठत नाही, कारण उबदार सागरी प्रवाह किनाऱ्याला लागून जातो. स्वीडनच्या किरुनाचं लोहखनिज रेल्वेने तिथे येतं. हिवाळ्यात स्वीडनचं बाल्टिककडचं बंदर गोठायचं, त्यामुळे जर्मनीच्या पोलादासाठी हीच वाट. एवढ्यासाठी १९४०च्या ९ एप्रिलला जर्मन विनाशिका त्या चिंचोळ्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या खाडीत, शिरल्या. २८ मेला नॉर्वेजियन, फ्रेंच, पोलिश आणि ब्रिटिश फौजांनी शहर परत घेतलं, हिटलरच्या फौजेचा जमिनीवरचा पहिला मोठा पराभव. दोन आठवड्यांच्या आत ते सोडूनही द्यावं लागलं, कारण तिकडे फ्रान्स कोसळत होता. युद्धाइतकीच गोष्ट एका कुटुंबाची आहे, नवरा सैन्यात, बायको हॉटेलात दुभाषी. काकूंनाही आवडेल. ॲटलास उघडून बघा, खरंच सांगते, त्या रेल्वेच्या रेषेवर बोट ठेवलं की सगळं युद्ध कळतं.

सह्याद्रीवेडा

मीराताई बरोबर, माझी चूक झाली. मग 'सिसू' सांगू का? २०२२चा, फिनलंडच्या लॅपलंडमधला, १९४४चा काळ.

मीरा_डोंबिवली

'सिसू' नको रे, त्यात पहिल्या अर्ध्या तासातच काकू उठून जातील. फारच हिंसा आहे. लॅपलंड आणि १९४४ हवं असेल तर 'कुकुश्का', रशियन, २००२. फिनलंडचा एक नेमबाज, ज्याला त्याच्याच बाजूच्यांनी खडकाला साखळीने बांधून सोडलंय. एक रशियन कप्तान, जखमी. आणि एक सामी बाई, नवरा युद्धात गेलेला. तिघं एका झोपडीत, आणि तिघांना एकमेकांच्या भाषेचा एक शब्द येत नाही. प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलत राहतो आणि दुसरा काय म्हणतोय याचा भलताच अर्थ लावतो. साहसपट म्हणता येणार नाही, पण युद्ध म्हणजे काय ते त्यात दिसतं. माझ्या वडिलांनी सबटायटल न वाचता बघितला आणि त्यांना ८० टक्के कळला, कारण पात्रांची अवस्था तीच होती!

मांडवीकाठ

मी वास्कोची. आमच्या गावात ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, त्यामुळे आर्क्टिक हा शब्द आमच्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंडला भारताचं 'हिमाद्री' केंद्र आहे, १ जुलै २००८ला सुरू झालेलं, उत्तर ध्रुवापासून साधारण १,२०० किलोमीटरवर. तिथे जाऊन आलेल्या एका शास्त्रज्ञांचं भाषण मी शाळेत असताना ऐकलं होतं. त्यांनी एक फोटो दाखवला: गावाबाहेर उघड्या माळावर उभा असलेला लोखंडी मनोरा. मला वाटलं मोबाईलचा टॉवर. तो होता हवाई जहाज, म्हणजे विमान नव्हे तर वायूच्या मोठ्या फुग्यावर तरंगणारं जहाज, बांधायचा खांब. १९२६ला 'नॉर्जे' आणि १९२८ला 'इटालिया' तिथूनच ध्रुवाकडे निघाली होती.

त्या 'इटालिया'वरचा पिक्चर म्हणजे 'द रेड टेंट', १९६९. सोविएत आणि इटालियन निर्मिती, दिग्दर्शक मिखाईल कलातोझोव्ह. इंग्रजी आवृत्ती आहे, म्हणजे काकांचा प्रश्न मिटला. 'इटालिया'चा प्रमुख जनरल नोबिले याच्या भूमिकेत पीटर फिंच, नॉर्वेचा ध्रुवसंशोधक आमुंडसेनच्या भूमिकेत शॉन कॉनरी, संगीत एन्निओ मोरिकोने. युद्ध नाही यात, पण माणसं फौजेची आहेत: इटलीचा जनरल, स्वीडनचे वैमानिक, रशियाचा बर्फफोड्या 'क्रासिन'.

२५ मे १९२८ला परतताना हवाई जहाज बर्फावर आपटलं. खालची केबिन फुटून दहाजण बर्फावर पडले, त्यातला एक जागीच गेला. वजन कमी झाल्यामुळे वरचा फुगा सहा माणसांसकट वर उडाला आणि आजतागायत सापडला नाही. ते सहाजण खालच्यांकडे बघत वर जात होते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही.

खाली राहिलेल्यांकडे एक छोटा वायरलेस संच होता आणि एक तंबू. तंबू पांढऱ्यावर दिसावा म्हणून त्यांनी त्याला लाल रंग फासला. रंग कुठला? उंची मोजण्यासाठी हवाई जहाजातून खाली टाकायच्या काचेच्या गोळ्यांमध्ये भरलेला. त्या वायरलेसचा संदेश शेवटी ऐकला तो रशियातल्या एका खेड्यातल्या हौशी रेडिओवाल्याने, ३ जूनला. त्यांना शोधायला निघालेला आमुंडसेन विमानासकट बेपत्ता झाला. 'क्रासिन' १२ जुलैला बर्फ फोडत पोचलं.

पिक्चरची मांडणी वेगळी आहे. म्हातारा नोबिले रोममधल्या घरात रात्री जागा आहे आणि मेलेली माणसं त्याच्यासमोर येऊन खटला चालवतात: सुटकेसाठी आलेल्या विमानात माणसांच्या आधी स्वतः का बसलास? काका टूलरूमचे असले तरी वरिष्ठांचे निर्णय त्यांनी भोगले असतीलच, त्यांना हा प्रश्न भिडेल असं मला वाटतं. आणि बर्फ खरा आहे, फौजीकाका.

माजी_फौजी_सातारा

मांडवीकाठ, बघितला नव्हता, तुझा प्रतिसाद वाचून काल रात्री बघितला. हो, बर्फ खरा आहे. कडा कोसळतात तेव्हा जो आवाज येतो तो मी ऐकलेला आहे.

दर्यासारंग_७०

फौजीसाहेबांचा बर्फाबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. 'झेब्रा'चा उत्तरार्ध पडद्यामागचा स्टुडिओ लपवू शकत नाही. तरी मी पहिला क्रमांक त्यालाच देईन, कारण बर्फाखालच्या पाण्याची भीती त्याच्याइतकी मला दुसरीकडे दिसली नाही. बाहेरची दृश्यं नौदलाच्या खऱ्या पाणबुडीवर घेतली आहेत, 'रॉनक्विल' नावाची. ती डिझेलवर चालणारी जुनी बोट होती, पिक्चरमध्ये अणुपाणबुडी म्हणून उभी केली. पण लाट डेकवरून जाते तेव्हा ती खरी लाट आहे.

पिक्चरमधली कल्पना पटणार नाही अशांसाठी अजून एक. कादंबरी छापून आली त्याच्या आदल्याच वर्षी, मे १९६२मध्ये, दोन अमेरिकी अधिकारी रशियनांनी सोडून दिलेल्या एका तरंगत्या केंद्रावर पॅराशूटने उतरले होते. बर्फाच्या दाबाने तिथली धावपट्टी मोडली होती म्हणून रशियन निघून गेले होते. हे दोघं काही दिवस कागदपत्रं आणि उपकरणं धुंडाळत राहिले. विमान उतरू शकत नाही, मग परत कसं यायचं? हेलियमच्या फुग्याने दोर वर सोडायचा, माणसाने तो अंगाला बांधून बर्फावर बसायचं, आणि वरून जाणाऱ्या बी-१७ विमानाने नाकाला लावलेल्या दुबेळक्याने तो दोर पकडून त्याला उचलून न्यायचं. तसं त्यांना उचललं, दोघांनाही, जिवंत. बाबांना ही यंत्रणा कागदावर काढून दाखवा.

आता माझी दुसरी शिफारस: 'द बेडफर्ड इन्सिडेंट', १९६५. कृष्णधवल, इंग्रजी. ग्रीनलंडच्या बाजूला अमेरिकेची विनाशिका एका सोविएत पाणबुडीच्या मागे लागली आहे. कप्तान रिचर्ड विडमार्क, जहाजावर आलेला पत्रकार सिडनी पॉयटिए. लढाई जवळपास नाहीच. सोनारचा आवाज, हिमनगांमधून वाट काढणं, आणि झोप न मिळालेली माणसं. पाणबुडीला कधी ना कधी हवेसाठी वर यावं लागणार, आणि कप्तान त्याच क्षणाची वाट बघत तिला दमवतो आहे. बरोबरचे लोकही दमत चालले आहेत हे त्याला दिसत नाही. मी अशा एका कप्तानाबरोबर काम केलं आहे, व्यापारी जहाजावर. विडमार्कचा चेहरा बघून पाठीत कळ आली.

केतकी_नाशिक

उशीर झाला लिहायला. शनिवार-रविवार मिळून 'आइस स्टेशन झेब्रा' झाला. सांगते.

टॉर्पेडो रूमचा प्रसंग आला आणि संपला. बाबांनी रिमोट मागितला, पिक्चर थांबवला. मला वाटलं औषधाची वेळ झाली. म्हणाले, ते क्रेप बँडेजचं पुठ्ठ्याचं नळकांडं आण आणि औषधांच्या बाटल्यांची दोन झाकणं. नळकांड्याच्या दोन्ही तोंडांना झाकणं धरली आणि आईला समजावत बसले: हे आतलं, हे समुद्राकडचं, हे उघडं असताना हे उघडता येऊ नये म्हणून मध्ये अडसर असतो, आणि कोणी तो अडसरच खोटा केला तर बघणाऱ्याला कळणारच नाही. मग म्हणाले की त्यांच्या प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय दट्ट्या खाली येत नसे. एका पाळीत कोणीतरी भरभर काम व्हावं म्हणून एक बटण काडी घालून अडकवून ठेवलं होतं. त्यांच्या हाताखालच्या पोराची तीन बोटं गेली. आम्ही दोघींनी हे आजवर ऐकलं नव्हतं. आई काही बोलली नाही, त्यांच्या हातातलं नळकांडं घेऊन बाजूला ठेवलं आणि पाणी दिलं.

फौजीकाका, उत्तरार्धात बाबा स्वतःच म्हणाले, "यांना थंडी वाजत नाहीये." मीराताई, शेवट पुस्तकापेक्षा वेगळा आहे हे आधी सांगितलं ते बरं झालं, तरी थोडी कुरकुर झालीच. दर्यासारंगकाका, फुग्याचं आणि बी-१७चं चित्र काढलं. दोराचा झटका माणसाला किती बसत असेल यावर रात्री साडेदहापर्यंत बोलत होते. फिजिओवाल्यांनाही सोमवारी सांगून झालं.

मंगळवारी 'ट्वेल्थ मॅन'. अनघा, तू म्हणालीस तसंच शेजारी बसून वाचलं. बोटांच्या प्रसंगाला मी आईला खूण केली, ती उठली नाही. पदर तोंडाला लावून बसून राहिली. नंतर म्हणाली, "त्या सुईणीचं नाव काय होतं?" मला सांगता आलं नाही. स्वीडनच्या हद्दीत रेनडिअर पळतात तिथे बाबांनी पाय उचलायचा प्रयत्न केला, ऑपरेशनचाच पाय, आणि कळवळले. मग त्यांनीच सांगितलं की उद्यापासून व्यायाम दहाऐवजी पंधरा वेळा करायचा.

आता ॲटलास पलंगावरच असतो. न्यू-ओलेसुंड त्यात छापलेलं नाही, म्हणून बाबांनी स्पिट्सबर्गेनच्या वायव्य किनाऱ्यावर पेन्सिलने ठिपका काढून शेजारी 'हिमाद्री' लिहिलं आहे. मांडवीकाठ, येत्या शनिवारी 'रेड टेंट'. त्यानंतर 'बेडफर्ड', मग 'नार्विक'.

दर्यासारंगकाका, 'बेडफर्ड'च्या आधी आईला काही सांगून ठेवायला हवं का?

दर्यासारंग_७०

रक्त नाही. पण शेवटची दहा मिनिटं कोणीही उठू नका, गॅसवर काही ठेवू नका. आणि बाबांच्या हाताखालच्या त्या पोराचं पुढे काय झालं, ते कधी बोलले तर मला कळवा. आमच्या इंजिनरूममध्येही असा एक होता.